पोथीतल्या रेघा

॥ श्री ॥

जयगड,
श्रावण वद्य ४, शके १८५४

चिरंजीव दत्तारामास गुणवंतीताईचे अ. उ. आ. वि. वि. इकडे सारे ठीक आहे. तुझे पत्र येऊन महिना उलटला. वाचनालयातली सगळी पुस्तके संपवल्याशिवाय बहिणीला चार ओळी लिहायच्या नाहीत, असा तुझा पण दिसतो.

यंदा श्रावणातली वाडीची पोथी पाळीने आधी आमच्या पडवीत बसली. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून वाचायचे काम ह्यांच्याकडे आले आहे. गेल्या साली हे वाचताना किती अडखळले ते तू पाहिलेच आहेस. शेजारचा विठू तोंडावर उपरणे धरून हसत होता. दोष ह्यांचा नाही. पोथी जुनी, शिळाछापाची. ओळीतले सगळे शब्द एकमेकांना चिकटलेले. कुठे एक संपतो आणि दुसरा लागतो ते कळायला पंडितच हवा. हे पडले मचव्यावरचे तांडेल, शिक्षण मराठी चौथी. दर्यातले खडक ह्यांना काळोखात कळतात, पोथीतले कळत नाहीत.

म्हणून मी एक केले. दुपारी घरात कोणी नसताना, अंघोळ करून, पोथीची पाने समोर घेतली आणि पेन्सिलीने शब्दाशब्दांच्या मध्ये बारीक उभ्या रेघा मारल्या. अवघड शब्दाचा अर्थ कडेला लिहिला. हे वाचायला बसले ते सरळ वाचत गेले. लोक ऐकतच राहिले, आणि शेवटी सगळ्यांनी ह्यांची पाठ थोपटली. रेघांचे कोणाजवळ बोलू नकोस, एवढे मात्र ह्यांनी मला बजावून सांगितले.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला आणि लगेच मचवा मालवणला गेला. हे धरून पाच जण आहेत. शेजारच्या तुळसेचा माणूस शिवा, तोही खलाशी म्हणून गेला आहे. गणपतीला घरी येतो असे सांगून गेले.

आता मनात एक सारखे टोचते आहे. पुढच्या पाळीला पोथी विठूच्या घरी गेली आणि रेघा पुसायच्या राहून गेल्या. पोथीत लिहिलेले चालते का रे? तू पुस्तकांत राहतोस म्हणून तुला विचारते. पुस्तकाला पाय लागला तर आई नमस्कार करायला लावायची. पुस्तकात लिहिले तर काय करायचे ते तिने कधी सांगितले नाही. लवकर उत्तर पाठव, आणि ताईवरची सगळी माया पुस्तकांवर उधळू नकोस.

तुझी
गुणवंतीताई

॥ श्री ॥

रत्नागिरी,
ता. २६ ऑगस्ट १९३२

तीर्थरूप सौ. ताईस दत्तारामचा सा. न. वि. वि. तुझे पत्र पोचले. वाचून आधी हसलो आणि मग कपाळाला हात लावला.

अगं, माझी नोकरी ती काय? प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'पुस्तकात काही लिहू नये' अशी चिठ्ठी खळीने चिकटवायची. आणि माझीच सख्खी बहीण वाडीची पोथी पेन्सिल घेऊन चिरत बसली! आमच्याकडे एक पेन्शनर मामलेदार येतात. ते प्रत्येक कादंबरीच्या कडेला 'खोटे!', 'असे घडणे अशक्य', 'ही बाई मूर्ख आहे' असे शेरे मारतात आणि महिनाअखेर मी बसून ते रबराने खोडतो. गंमत अशी की परवा दोन वाचक आले आणि कोरी प्रत नको, मामलेदारांची द्या म्हणाले. हे मी चिटणिसांच्या कानावर घातले नाही.

तेव्हा माझे मत विचारशील तर पुस्तकात लिहू नये. पुस्तक आपल्या एकट्याचे नसते. आपण मारलेली रेघ दुसऱ्याच्या डोळ्यांत जाते. पण देव रागावेल म्हणशील तर तसे मला वाटत नाही. देवापेक्षा विठू आधी रागावेल. सोबत रबर पाठवीत आहे. पोथीच्या दर्शनाला म्हणून त्याच्या घरी जा आणि जमेल तेवढे पूस.

इकडे दोन दिवस वारा फार आहे. मांडवीला लाटा पार वरपर्यंत येताहेत आणि होड्या ओढून घेतल्या आहेत. महिपतभावोजी एव्हाना मालवणला पोचले असतील, तेव्हा काळजी नको. सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. रागावलीस तरी लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझा
दत्ताराम

॥ श्री ॥

जयगड,
भाद्रपद शुद्ध ६

चि. दत्तारामास अनेक आशीर्वाद. गणपती आले, मचवा आला नाही.

तुझे रबर मिळाले, पण आता त्याचा काय उपयोग? रेघा विठूला सापडल्या. खरे म्हणजे त्याला त्या पहिल्याच दिवशी सापडल्या असणार. एरवी ओवीओवीला ठेचकाळणारा माणूस यंदा श्रावण संपेपर्यंत माझ्या रेघांवरून घोड्यासारखा धावला आणि सगळ्यांची शाबासकी घेऊन बसला. पोथी बांधून ठेवायच्या दिवशी मात्र त्याला त्या 'दिसल्या'. तोवर वादळ होऊन गेले होते आणि मचव्याची काही खबर नव्हती. मग तो घरोघर सांगत सुटला की तांडेलाने पोथी बाटवली आणि तसाच दर्यावर गेला. देवी अशी गप्प बसते काय?

दत्ता, ह्यांच्यावर आळ आला आहे. गेल्या साली हे अडखळले आणि यंदा नीट वाचले, एवढाच पुरावा. मचव्यावरच्या बाकीच्या माणसांच्या बायका पाणवठ्यावर माझ्याशी बोलत नाहीत. मी गेले की कळशी उचलून बाजूला होतात. तुळसा तेवढी बाजूला होत नाही, पण तीही बोलत नाही. सासरे दिवसभर खाडीकडे तोंड करून बसतात. दिसत तर काही नाही, पण शिडाचा आवाज कळेल म्हणतात.

अनंत चतुर्दशीला देवीला कौल लावायचे ठरले आहे. पोथीत कोणाच्या हाताने लिहिले, असे गुरव विचारणार. मी बोलले तर चार घरांची माणसे मीच बुडवली असे होईल, आणि ह्या घराला कोणी विस्तवसुद्धा देणार नाही. गप्प बसले तर दोष ह्यांच्या नावावर जाईल, आणि उत्तर द्यायला हे इथे नाहीत. देवी असे करील का, असे मी मनाला विचारते. दिवसा मन म्हणते, छे. दिवेलागण झाली की तेच मन म्हणते, कशावरून नाही? हात धुऊन लिहिले होते रे मी.

बंदरावर चौकशी कर आणि जे कळेल ते कळव. बहिणीला विसरू नकोस.

गुणवंती

॥ श्री ॥

रत्नागिरी,
ता. ९ सप्टेंबर १९३२

ती. सौ. ताईस दत्तारामचा सा. न. वि. वि. तुझे पत्र मिळाले. बंदरावर जाऊन चौकशी केली. अजून नक्की असे काही समजत नाही. पावसामुळे दक्षिणेकडचे टपाल उशिरा येत आहे. तू घाबरू नयेस. वेळेवर जेवत जा. सासऱ्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो राहावा.

दत्ताराम

॥ श्री ॥

जयगड,
भाद्रपद शुद्ध ११

चि. दत्तारामास आशीर्वाद. तुझ्या पत्रात एक टोमणा नाही, एक थट्टा नाही, वर वेळेवर जेवत जा म्हणतोस. असे पत्र तू मला जन्मात लिहिले नाहीस. तुला काहीतरी कळले आहे आणि मला सांगायचा तुला धीर होत नाही.

घरात येणारे प्रत्येक पत्र सासऱ्यांना मीच वाचून दाखवते. तुझे हे पत्र वाचताना माझा आवाज फिरला आणि तो त्यांच्या लगेच ध्यानात आला. त्यांनी विचारले की दत्तारामने खाली आणखी काय लिहिले आहे? मी म्हटले, काही नाही. त्यांनी ते खरे धरले नाही.

जे असेल ते लिही. न कळण्यापेक्षा वाईट असे काही नाही. रागाने लिहीत नाही. तुझ्याशिवाय मला विचारायला माहेरचे कोण आहे?

ताई

॥ श्री ॥

रत्नागिरी,
ता. १२ सप्टेंबर १९३२

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार. तुझ्यापासून लपवले, त्याची क्षमा असावी.

पूर्णगडच्या किनाऱ्याला एक डोलकाठी लागली आहे. तिथून आलेला एक माणूस बंदरावर भेटला. काठी जयगडकडच्या मचव्याची वाटते असे तो म्हणाला. मी खोदून खोदून विचारले, पण तो शपथेवर काही सांगेना. माणसे सापडली नाहीत, म्हणजे जिवंतही नाहीत आणि दुसरेही काही नाही. एवढेच मला ठाऊक आहे.

ताई, मी तुला हसलो होतो. काल वाचनालय उघडायच्या आधी मी किल्ल्यावर भगवतीच्या देवळात गेलो आणि नारळ बोललो. पेन्सिलीच्या रेघांनी मचवा बुडत नाही, हे मला पक्के माहीत आहे. माहीत असून मी देवीपुढे त्या रेघांची माफी मागितली. भीती अशी असते हे मला आजवर कळले नव्हते.

हात जोडून एक सांगतो. कौलाच्या वेळी तू बोलू नकोस. भावोजी परत आले तर आळ आपोआप जाईल. आणि न आले, तर त्यांना आळाचे काय? तुला मात्र त्याच वाडीत जन्म काढायचा आहे. माझे एवढे ऐक, आणि माझ्यावर लोभ आहे तो याच वेळी दाखव.

तुझा
दत्ता

॥ श्री ॥

जयगड,
भाद्रपद वद्य १

चि. दत्तारामास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र कौलाच्याच सकाळी हातात पडले. वाचले आणि कमरेला खोचून देवळात गेले. काठीचे कोणाला सांगितले नाही. तुझे मात्र ऐकले नाही.

सगळी वाडी जमली होती. गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घालायला सुरुवात केली. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पहिलाच प्रश्न ह्यांचे नाव घेऊन, की पोथीत ह्यांच्या हाताने लिहिले काय? दत्ता, ते नाव त्या गाभाऱ्यात गुन्हेगारासारखे घेतलेले मला ऐकवेना. हे तिकडे लाटांत असतील नाहीतर कुठे असतील, आणि इथे कळी पडायची वाट बघत माणसे उभी! माझे पाय आपोआप पुढे गेले. मी म्हटले की रेघा माझ्या आहेत, ह्यांच्या नाहीत. देवीला त्रास देऊ नका.

मग जो कल्लोळ झाला तो काय सांगू. बाईमाणसाने पोथीत लिहिले, हे त्यांना मचवा बुडण्याहून मोठे वाटले. विठू म्हणाला, आता हिला शिक्षा काय ते देवीला विचारा. सासरे काठी टेकत माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

बोलली ती तुळसा. ती म्हणाली की रेघांचे मागाहून बघा, आधी माणसे जिवंत आहेत का ते विचारा. इतके दिवस सगळ्यांना तेच विचारायचे होते, पण धीर कोणाला नव्हता. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणे घातले. कळी कितीतरी वेळ हलेना, आणि मग उजवी पडली.

बायका रडल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माझ्या कमरेला मात्र तुझे पत्र होते. पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. देवीला एका दिवसात दोनदा तिष्ठत ठेवायचे नाही, असे सासऱ्यांनी सांगितले आणि माणसे घरी गेली. ही कळी खरी मानावी तर उद्या दुसरीही खरी मानावी लागेल. आज तरी मी ही मानते. ताईने ऐकले नाही म्हणून अंतर देऊ नकोस.

गुणवंती

॥ श्री ॥

रत्नागिरी,
ता. १९ सप्टेंबर १९३२

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि. आधी हे वाच. महिपतभावोजी जिवंत आहेत. काल आपल्या मचव्यावरचा एक खलाशी चालत इथे पोचला. वादळात मचवा जैतापूरच्या अलीकडे खडकावर फुटला. तिथल्या कोळ्यांनी वाचलेल्या माणसांना घरात ठेवून घेतले. भावोजींचा पाय मोडला आहे आणि ताप फार होता, म्हणून त्यांना सोडून इतके दिवस कोणाला निघता आले नाही. मी उद्या त्यांना आणायला जातो. मोटार मिळेल तिथवर मोटारीने आणि पुढे डोलीतून घेऊन येईन.

ताई, चौघे वाचले. फळी चौघांच्या हाताला लागली, शिवाच्या लागली नाही. तो सापडलासुद्धा नाही.

तुळसेला हे तुलाच सांगावे लागेल. पत्र वाचून दाखवू नकोस, तुझ्या तोंडाने सांग. तिने देवळात तुझी बाजू सावरली आणि तिच्याच घरावर हे आले. ती तुला काय बोलेल याची मला धास्ती वाटते. पण बाहेरून तिच्या कानी जाण्यापेक्षा ते बरे. तुझ्या पाठीशी मी आहे, एवढे मनात असू दे.

तुझा
दत्ताराम

॥ श्री ॥

जयगड,
आश्विन शुद्ध ४

चि. दत्तारामास अनेक आशीर्वाद. तू ह्यांना घरी पोचवून गेलास त्याला आता बरेच दिवस झाले. पायाची सूज उतरली आहे. जेवतात, पण बोलत नाहीत. पडवीतून तुळसेचे घर दिसते म्हणून आतल्या खोलीत बिछाना घालून घेतला आहे.

तू आला होतास तेव्हा तुझ्याजवळ बोलायला झाले नाही, ते आज लिहिते. मी तुळसेला सांगितले तेव्हा ती ओट्यावर सुकट निवडत होती. सगळे ऐकून तिने सुपातली सुकट निवडून पुरी केली आणि मग सूप खाली ठेवले. त्यानंतर मी रोज तिच्याकडे जात राहिले. रोज वाटे, आज ही म्हणणार की तुझ्या रेघांनी माझा माणूस नेला. ती काही म्हणाली नाही, आणि न म्हटल्याने माझा धसका वाढतच गेला. विठूने इकडे पुन्हा सुरू केले होते की कौलात माणसे जिवंत म्हटले आणि एक गेलाच, म्हणजे देवीचा राग आहेच. ही पोथी खाडीत सोडून द्या.

सुतक फिटल्यावर काल तुळसा आमच्याकडे आली. डोक्यावर लाल फडक्यात बांधलेली पोथी, आणि मागून विठू तणतणत. तो सांगत होता की ही सरळ घरात शिरली आणि देव्हाऱ्यातून पोथी उचलली. बाईमाणसाला हाताला धरून अडवायचे कसे? मला वाटले, आता ही पोथी माझ्या अंगावर टाकून काय तो शाप देणार. मी उठले आणि पाट मांडला.

तिने पोथी पाटावर ठेवली आणि माझ्यासमोर बसली. मग म्हणाली की आमच्या पडवीत पोथी चालू होती तेव्हा एका दिवशी तिचा माणूस घरी आला, दोर वळत बसला आणि ऐकलेली कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याने तिला सांगितली. इतकी वर्षे तो पोथीला जाऊन पेंगून यायचा. यंदा पोथी कळली, असे म्हणाला. लग्न झाल्यापासून इतका वेळ तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. हरवलेला राजपुत्र आईला भेटतो ती कथा. ती ज्या पानावर आहे त्या पानावर त्याचे नाव लिही, असे तिने मला सांगितले. त्याला जाळले नाही की पुरले नाही. कुठे जाऊन बसू, असे तिने विचारले. पोथी दर श्रावणात निघते. कोणीतरी ती मोठ्याने वाचणार, आणि तिच्या कानावर ते नाव पडणार.

तणतणणारा विठू खाली बसला आणि म्हणाला की लिहायचेच असेल तर ओवीच्या अंगावर नको, कडेला जागा आहे तिथे लिही. आतून हे भिंतीला धरत लंगडत आले आणि दारात बसले.

मी दौत आणि टाक काढला. पान शोधले. दत्ता, मागे रेघा मारल्या तेव्हा मला कशाचीच भीती नव्हती. काल टाक हातात धरवेना. आता हे पुसता येणार नव्हते, आणि एका माणसाचे सगळे उरलेसुरले माझ्या अक्षरात राहणार होते. नाव मला ठाऊक होते, तरी तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय लिहवेना, म्हणून मी तिला विचारले. आम्ही बायका कुठे नवऱ्याचे नाव घेतो? मीसुद्धा तुला सगळी पत्रे 'हे', 'हे' म्हणूनच लिहिली. तिने पदर सारखा केला, खाली बघितले आणि नाव घेतले. इतके हळू घेतले की ते तिचे तिलाही ऐकू गेले नसावे. म्हणून मग तिने मान वर केली आणि पुन्हा मोठ्याने घेतले, शिवा.

मी लिहिले. अक्षर माझे वाटत नाही. पुढल्या श्रावणात वाचणारा ते नाव गाळून पुढे गेला तर, एवढी एकच भीती आता मला उरली आहे. आपल्या ताईला धरून राहा.

गुणवंती